शून्यावरचं छप्पर

सिग्नलला बस थांबली होती आणि ती खिडकीशी बसून शेजारच्या बसमधल्या एका माणसाच्या कानाकडे बघत होती. कान, कानामागची चष्म्याची काडी, काडीला गुंडाळलेली चिकटपट्टी. एवढ्यात तिची बस मागे घसरू लागली. आवाज नाही, हिसका नाही, नुसती गुळगुळीत मागे, उतारावर ब्रेक सुटल्यासारखी. तिनं पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली, पाय रोवले, आणि तोंडातून काहीतरी निघालंही असावं, कारण बाजूच्या बाईनं आपली पर्स जवळ ओढून घेतली. मग खिडकीतली बस संपली आणि तिच्यामागून औषधाच्या दुकानाची पाटी आली. पाटी जागच्या जागी होती. हिची बस इंचभरही हललेली नव्हती. पुढे गेली होती ती दुसरी. असं कुणालाही होतं, माणूस स्वतःशीच हसतो आणि विसरतो. पण तिचे हात दांडीवरून सुटेनात. काल दुपारी वर्गात आपण काय करून बसलो ते तिला त्या घसरण्यात लख्ख दिसलं होतं. चालणाऱ्या बसच्या आत बसून तिनं बसच स्थिर धरली होती, आणि पाट्या, दुकानं, झाडं मागे पळताना दिसली तर तो दोष डोळ्यांचा समजून पुसून टाकला होता.

बस सुटली. अजून सहा थांबे होते. कालचं सगळं पुन्हा सुरुवातीपासून आठवायचं तिनं ठरवलं, हिशेबातली चूक शोधताना आठवतात तसं, एकेक पायरी. तीन वर्षांची रडारची चित्रं. उपग्रह दर बारा दिवसांनी त्याच वाटेनं डोक्यावरून जातो, खाली लाट सोडतो आणि परत आलेली लाट टिपून ठेवतो. आधीची लाट आणि नंतरची लाट एकमेकींवर ठेवली की जमीन मधल्या काळात किती सरकली ते कळतं, तांदळाच्या दाण्याइतकी सरकली असली तरी कळतं. पण सरकली कशाच्या तुलनेत? त्यासाठी मशीनला एक जागा सांगावी लागते की ही हललेली नाही, हिला शून्य धर, बाकीचं हिच्यापासून मोज. शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की संदर्भाचा बिंदू निवडताना घाई करू नका, मशीनला स्वतःचं मत नसतं, तुम्ही थाप मारलीत तरी ते निमूट ऐकून घेईल. हे वाक्य तिनं वहीत उतरवून खाली दोन रेघा मारल्या होत्या. आणि काल, चित्रांची चळत तयार झाल्यावर, तिनं डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या वसाहतीतलं तिसऱ्या रांगेतलं सातवं छप्पर निवडलं होतं. पत्र्याचं छप्पर, रडारला आरशासारखं लख्ख उत्तर देणारं, तीन वर्षांच्या एकूण एक चित्रांत ठसठशीत. कारण म्हणून तिनं स्वतःला तेवढंच सांगितलं होतं. ते छप्पर तिच्या धाकट्या भावाचं होतं.

सात वर्षांपूर्वी एका सकाळी सव्वासहाला तो डोंगर खाली आला. कागदाच्या गिरणीची वसाहत, पाच रांगा, त्यातल्या चार गेल्या. भावजय पहाटपाळीला गिरणीत होती म्हणून राहिली. चौकशी समितीनं आपल्या अहवालात ‘अचानक’ हा शब्द अकरा वेळा वापरला होता. तिनं मोजले होते. त्या अहवालाच्या पुरवणीत एक जुना नकाशाही जोडलेला होता, वसाहत बांधायच्या आधीचा, आणि त्या उतारावर बारीक, सुबक अक्षरांत लिहिलेलं होतं: स्थिर. खाली सही तिची होती.

भूमापनाच्या कचेरीत तिला ‘तिसरा डोळा’ म्हणत. विमानातून घेतलेले दोन फोटो शेजारी शेजारी ठेवायचे, वर दोन भिंगांचं यंत्र, आणि त्यातून बघत राहायचं, की दोन सपाट कागदांतून एक डोंगर हळूच उठून नाकापर्यंत येतो. इतरांना तो उठायला पाच-पाच मिनिटं लागत, डोकी दुखत, डोळ्यांतून पाणी येई. तिला तो भिंगाशी वाकल्या वाकल्या दिसे. त्या उताराचा फोटो तिनं अर्धा दिवस पाहिला होता. जुनी घसरण असती तर उताराला वाटीसारखा खोलगा असता, खाली फुगवटा, झाडं तिरकी. काहीही नव्हतं. भावाला गिरणीत नोकरी आणि वसाहतीत घर मिळालं तेव्हा त्यानं फोनवर विचारलं होतं, ताई, डोंगर अगदी मानेवर बसल्यासारखा वाटतो गं, राहू ना? तिनं हसून सांगितलं, मी स्वतः बघितलाय, तुझ्यापेक्षा जास्त वर्षं टिकेल. हे बोलणं तिनं सात वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. भावजयीला तर नाहीच. भावजय तिच्याकडेच राहायला आली होती, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, आणि आता रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालण्याचं काम करत होती. दोघी एकमेकींशी फार नीट वागत. एवढं नीट वागणं थकवणारं असतं. भावजयीची एकच सवय तिला खुपायची. रोज सकाळी कामावर निघण्याआधी ती घरातलं प्रत्येक दार एकदा पूर्ण लावी आणि उघडी. स्वयंपाकघराचं, न्हाणीघराचं, पुढचं. कपाटाचीसुद्धा. अंथरुणात पडल्या पडल्या ती दारं ऐकायची तिला सवय झाली होती, तरी रोज वाटे, हिला काय होतंय हे, घर काय पळून जाणार आहे?

बसमधून उतरल्यावर ती संस्थेच्या फाटकाशी जरा थांबली. वळून घरी जावं, आजारी आहे म्हणून कळवावं. तिनं हे खरोखर मनात घोळवलं. त्रेपन्नाव्या वर्षी, साठवलेली सगळी रजा लावून, निम्म्या वयाच्या मुलांत बसून हे शिकायला ती आली होती ते एका प्रश्नासाठी. तो डोंगर आधीपासून हलत होता का? हलत नसेल तर समितीचं ‘अचानक’ खरं आणि तिचं ‘स्थिर’ही खरं. सात वर्षं ती त्या दोन शब्दांच्या मधल्या फटीत राहत होती. मागच्या वर्षी कचेरीत कुणीतरी बोलता बोलता म्हणालं की जुनी रडारची चित्रं कोठारात तशीच पडून आहेत, ज्याला जे विचारायचं ते आजही विचारता येतं. त्या दिवसापासून तिला नीट गिळता येईना. आणि काल, डोंगर पडण्याआधीच्या तीन वर्षांच्या चित्रांतून, उत्तर मिळालं होतं. सगळा उतार हिरवा. हिरवा म्हणजे शून्य, लाल म्हणजे हललेलं, वर असो की खाली. डोंगर हलला नव्हता. फक्त खालची पाचवी रांग आणि दरीपलीकडचा कातळ, जुना दगडी पूल, पाण्याची टाकी हे तेवढे लाल आले होते, वर्षाला बावीस मिलिमीटरनं वर उचलले गेल्यासारखे. कातळ कसा वर जाईल? हवेतल्या बाष्पामुळे असले दोष येतात हे ती शिकली होती. तिनं ते वहीत लिहिलं, ‘बाष्पदोष’, आणि चित्र कातरलं. पाचव्या रांगेपासून दरीपलीकडचं सगळं कापून टाकलं. उरला हिरवा उतार आणि मधोमध छप्पर.

काल घरी जाऊन तिनं भावजयीला सांगितलं होतं. प्रस्तावना न करता, चपला काढता काढता, की मी शोधून काढलंय, तो डोंगर हलत नव्हता, कुणालाच कळलं नसतं. भावजय कपड्यांना इस्त्री करत होती. तिनं इस्त्री उभी ठेवली आणि म्हणाली, बरं झालं ताई, आता जेवून घ्या. आणि ती जेवली. दोनदा वाढून घेतलं. झोपली तीही दगडासारखी, सकाळची दारंसुद्धा ऐकू आली नाहीत.

वर्गात तिच्या शेजारी जंगलखात्यातला एक अधिकारी बसायचा. स्थूल, घामेजलेला, सतत काहीतरी चघळणारा, आणि सगळ्या वर्गात तिच्याइतकाच मागे पडलेला, त्यामुळे त्यांची मैत्री होती. तिला आत्याबाई म्हणायला त्यानंच सुरुवात केली आणि मग मॅडम सोडून सगळे तसंच म्हणू लागले. आज तिचा चेहरा बघून त्यानं विचारलं, आत्याबाई, मशीन रुसलं की तुम्ही? ती म्हणाली, मी. तो म्हणाला, मग ठीक, मशीन रुसलं तर मॅडमना बोलवावं लागतं. माझ्या जंगलाचं तर तुम्हाला माहीतच आहे, रडारला झाडं दाखवली की ते म्हणतं, दर वेळी नवीनच कुणीतरी भेटतंय, ओळख पटेना. वारा आला की पानं हलतात, आता पानांना काय मी दटावू? ती हसली. हसणं तोंडावर आलं आणि तिथंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं.

करायचं काहीच अवघड नव्हतं, हीच तर पंचाईत होती. तीन वर्षांची चित्रं पुन्हा जुळवायची नव्हती, रात्र-रात्र मशीन चालवायचं नव्हतं. शून्य छपरावरून उचलून दरीपलीकडच्या कातळावर ठेवायचं, म्हणजे सगळ्या आकड्यांतून कातळाचा आकडा वजा करायचा. वजाबाकी. चौथीतलं मूल करील. शून्यातून बावीस गेले. उत्तर कालही पडद्यावरच होतं, फक्त चिन्ह उलटं होऊन दरीपलीकडे उभं होतं आणि तिनं ते कात्रीनं कापलं होतं. हे सगळं कळत असूनही ती बटण दाबेना. तिनं फाइलींची नावं नीट केली. रंगांची पट्टी बदलून पाहिली. पाणी प्यायला गेली, येताना व्हरांड्यातल्या सूचनाफलकावरची सगळी पत्रकं वाचली, हरवलेल्या छत्रीचंसुद्धा. बारा वर्षांपूर्वी अशाच एका फलकावर एक यादी लागली होती. रडारच्या पहिल्या वर्गाला कचेरीतून एकाला पाठवायचं होतं, नऊ महिने, पगारी. साहेबांनी आधी तिलाच बोलावलं. टेबलावर एक नमुन्याचं चित्र ठेवलं, करडं, खरबरीत, आणि म्हणाले, तुमच्यासारखी नजर या कामाला हवी. ती म्हणाली होती, साहेब, मिठात मिरी सांडल्यासारखं दिसतंय हे, यात बघायचं काय? माझे दोन डोळे अजून शाबूत आहेत. साहेबांसकट सगळे हसले. चार दिवस ते वाक्य कचेरीत फिरत होतं, चहाच्या टपरीपर्यंत गेलं होतं. तिला ते आवडलं होतं. तिच्या जागी गेलेला माणूस परत आला तो वर्षभरात नोकरी सोडून दुसरीकडे गेला, आणि कचेरीत पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

ती जागेवर येऊन बसली तेव्हा मॅडम तिच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. मॅडम तिशीच्या, बारीक, मृदू बोलणाऱ्या. पडद्यावर कालचं हिरवं चित्र होतं. त्यांनी विचारलं की चित्र इतकं अरुंद का कापलंय, आणि उत्तराची वाट न बघता त्यांचं बोट छपरावर आलं.

“संदर्भबिंदू इथं घेतलात? उताराच्या पायथ्याशी?”

“उत्तर स्वच्छ देत होता,” ती म्हणाली.

“स्वच्छ तर देईलच. पण पायथा उताराबरोबरच सरकत असेल तर?” मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. “इतक्या बारकाईनं काम करता तुम्ही, हे तुमच्यासारखं नाही वाटत.”

तिनं मान हलवली. कापलेला भाग परत घेतला, शून्य कातळावर ठेवलं आणि बटण दाबलं. चार सेकंद लागले. कातळ, पूल, टाकी हिरवी झाली, शांत झाली, जिथं असायला हवी होती तिथं जाऊन बसली. आणि उतार, माथ्याखालच्या पट्ट्यापासून वसाहतीच्या चौथ्या रांगेपर्यंत, एखाद्या ठोकळ्यासारखा, एकजीव, कडा सुरीनं कापाव्यात तशा, लाल झाला. मधलं छप्परही लाल. पाचवी रांग हिरवी. पाचवी रांग राहिली होती. मॅडमनी छपरावर टिचकी मारून त्याचा आलेख उघडला. तीन वर्षांची एक रेघ, डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी. मध्ये दोन ठिकाणी पायरी उतरल्यासारखी जास्त उतरलेली, आणि शेवटच्या चार महिन्यांत जवळजवळ सरळ खाली. शेजारचा जंगलवाला चघळायचा थांबला. मॅडम मात्र खुलल्या, त्यांना काय माहीत. म्हणाल्या, किती सुरेख उदाहरण आहे हे, प्रबंधाला हेच घ्या, शेवटचा वेग बघा कसा वाढलाय, नंतर पडला असणार हा उतार.

“पडला,” ती म्हणाली. मग तिनं जे विचारायचं नाही असं बसमध्ये ठरवलं होतं तेच विचारलं. “तेव्हा दिसलं असतं का हे?”

“तेव्हा? हो. चित्रं तर होतीच.” मॅडम अजून रेघेकडेच बघत होत्या. “बघणारं कुणी नव्हतं.”

त्या पुढच्या बाकाकडे गेल्या. जंगलवाल्यानं आपली पाण्याची बाटली उघडून तिच्यापुढे ठेवली आणि मग स्वतःच्या पडद्यात इतकं डोकं घातलं की जणू त्याच्या झाडांनी एकदम ओळख दाखवली होती. ती त्या दोन पायऱ्यांकडे बघत राहिली. तारखा आडव्या अक्षावर होत्या. पहिली पायरी उतरली त्या सुमाराचा एक फोन तिला आठवत होता, आठवत म्हणजे ती तो कधी विसरलीच नव्हती, पण तो कशाचा फोन आहे हे तिला आत्ता कळत होतं. भाऊ म्हणाला होता, ताई, पुढचं दार उंबऱ्याला अडकतंय गं. ती म्हणाली होती, लाकूड ओल धरतं, बाबांचा रंधा आहे ना तुझ्याकडे, मार दोन हात. वर्षानं पुन्हा. परत अडकतंय. ती कामात होती, खांद्यात फोन धरून म्हणाली, मग परत मार, दार आहे की केस, दर वर्षी कापायला लागतात? तो हसला होता. त्याच्या हसण्यात मागे कुठेतरी भावजय हसल्याचंही ऐकू आलं होतं. भिंगातून, फोटोतून, दोन डोळ्यांनी दोन सेंटिमीटर दिसत नाहीत. तो तिचा दोष नव्हता, कुणाच्याच डोळ्यांचा नव्हता. एवढा आधार आता हाताला लागत होता आणि तिला तो नको होता. कारण भाऊ तिला डोळ्यांचं विचारतच नव्हता. तो दाराच्या अडकण्यातून, दोनदा, फोन करून माप सांगत होता, आणि ती ते माप ऐकून विनोद करत होती. साहेबांचं ऐकून ती रडार शिकायला गेली असती तर ते बारा दिवसांनी एकदा कळलं असतं. भाऊ तर फुकट सांगत होता.

तिनं रेघेची एक प्रत छापून घेतली. घरी न्यावी की कचऱ्याच्या डब्यात टाकावी हे बसथांब्यापर्यंत ठरेना. न्यायची कशाला? काल जे दिलं ते आज हिसकावून घ्यायला? गप्प बसलं तर भावजय उरलेलं आयुष्य त्या हिरव्या उताराच्या आधारानं काढील, आणि आपण तिच्या शेजारी जेवत राहू. ते जमलंही असतं. सात वर्षं जमलंच होतं. बसमध्ये ती खिडकीकडे पाठ करून बसली.

भावजय नुकतीच कामावरून आली होती, हातांना धुलाईघराच्या साबणाचा वास होता. तिनं हिचं तोंड बघितलं. हिनं कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. काल चूक झाली. मी तुमच्या घराला स्थिर धरलं, म्हणून डोंगर स्थिर दिसला. घर आणि डोंगर एकत्रच सरकत होते. तीन वर्षं. आणि मग तेही, जे सांगायचं नव्हतं: नकाशावर ‘स्थिर’ मी लिहिलं होतं, आणि राहू का म्हणून त्यानं मला विचारलं होतं, मी म्हटलं राहा. बोलताना ती भावजयीच्या हातांकडे बघत होती. हात ओढणीला पुसले गेले, टेबलाशी आले. भावजयीनं कागद स्वतःकडे फिरवला. रेघ कशी वाचायची ते सांगायला हिनं तोंड उघडलं, पण भावजयीचं बोट आधीच पहिल्या पायरीवर होतं.

“हे दार पहिल्यांदा तासलं तेव्हाचं,” भावजय म्हणाली. बोट पुढे सरकलं. “हे दुसऱ्यांदा. तेव्हा खालची फळी अगदी चार बोटं राहिली होती.”

बोट रेघेवरून शेवटच्या उतरणीला लागलं आणि अर्ध्यात थांबलं.

“इथं रंधा काढून ठेवला होता त्यांनी. मी म्हटलं, राहू द्या, रविवारी ताई येणारेत, त्यांना आधी दाखवू. त्यांना कळतं त्यातलं.” भावजयीनं बोट उचललं नाही. “त्या रविवारी तुम्हाला जमलं नाही यायला.”

का जमलं नव्हतं? ती आठवायला लागली. आठवेना. सगळं आठवत होतं, चष्म्याच्या काडीला गुंडाळलेल्या चिकटपट्टीपर्यंत, पण तो रविवार कशात गेला ते काही केल्या आठवेना. तिला खाली बसावंसं वाटलं आणि खुर्ची कुठे आहे ते कळेना.

“म्हणजे तुला माहीत होतं,” ती म्हणाली. “डोंगर हलत होता हे.”

“घर हलत होतं एवढं माहीत होतं. आता सात वर्षं झाली.”

“मग काल का नाही बोललीस?”

भावजयीनं कागदाची घडी घातली, चादरीच्या घालते तशी, कडेला कड जुळवून, वर तळवा फिरवून.

“काल तुम्ही पोटभर जेवलात,” ती म्हणाली.

मग ती आत गेली आणि नळाचा आवाज आला. भांडी घासल्याचा आवाज नाही, नुसत्या नळाचा. ही टेबलाशी उभी राहिली. खाली रस्त्यावरून काहीतरी जड गेलं आणि खिडकीची काच जराशी वाजली, रोज वाजते तेवढीच. तिला सकाळची दारं ऐकू आली, सात वर्षांतली सगळी, एकामागून एक, लागणारी आणि उघडणारी. रोज. बारा दिवसांनी एकदा नव्हे. आणि ती अंथरुणात पडून कूस बदलत होती. थोड्या वेळानं ती पुढच्या दाराशी गेली. कडी काढली. दार सावकाश ओढून पूर्ण लावलं, चौकटीला टेकेपर्यंत, कान लावून. फळी उंबऱ्यावरून सुरळीत गेली, कुठेही अडकली नाही. तिनं ते उघडलं. तिला खात्री पटेना. तिनं ते पुन्हा लावलं.